मोडीतलं जुनं पत्र वाचताना: आधी कडा, मग मधला मजकूर

मोडीची मुळाक्षरं शिकून झालेला माणूस पहिल्यांदा अस्सल पत्रासमोर बसला की पहिल्या ओळीच्या पहिल्या अक्षरापासून वाचायला लागतो, तिसऱ्या-चौथ्या शब्दाला अडतो आणि तासाभराने ‘हे अक्षरच लागत नाही’ म्हणून वही मिटतो. दोष अक्षराचा नसतो, सुरुवात चुकलेली असते. जुन्या पत्रात काही जागा अशा असतात की तिथे काय लिहिलेलं असणार हे आपल्याला न वाचताच बरंचसं ठाऊक असतं: वरचा मायना, शेवटचा समारोप आणि पाठीवरचा शेरा. या जागा आधी वाचायच्या, त्यांच्यावरून त्या लेखकाचं वळण ओळखायचं आणि मगच मधल्या मजकुराला हात घालायचा. पुण्याच्या पुरालेखागारातलं पेशवे दफ्तर असो, १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ असो, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ असो की तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातले भोसल्यांच्या दरबाराचे मोडी कागद असोत, ही रीत सगळीकडे चालते.

दफ्तरात जाण्याआधी

कागद कसे ठेवलेले असतात ते समजून घ्या. मोठा विभाग म्हणजे दफ्तर, त्यात रुमाल, रुमालात पुडकी आणि पुडक्यात सुटे कागद. रुमाल म्हणजे कागद बांधायचं चौकोनी कापड; त्यावरून त्या गठ्ठ्यालाच रुमाल म्हणतात. मागणीचिठ्ठीवर ‘पानिपतची पत्रं हवीत’ असं लिहून काही हाती लागत नाही. माणूस, गाव आणि साल या तिन्हींपैकी निदान दोन गोष्टी ठरवून जा आणि यादीतून रुमालाचा क्रमांक काढा.

त्याही आधी छापील पाहा. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात निघाले. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड आहेत. तुमचं पत्र यात आधीच छापलं असेल तर श्रम वाचतात. नवशिक्यासाठी छापलेल्या पत्राचा आणखी मोठा उपयोग आहे. छापून झालेलं एखादं पत्र मुद्दाम मागवून घ्या, स्वतः वाचा आणि मग छापील वाचनाशी ताडून पाहा. अशी पाच-सहा पत्रं झाली की स्वतःच्या चुकांचा साचा कळतो, आणि मग न छापलेल्या कागदाला हात लावायची तयारी झाली असं समजावं.

सोबत एचबी शिसपेन्सिल, साधी वही, पाचपट भिंग, प्लॅस्टिकची पट्टी आणि लहान विजेरी एवढं पुरे. शाईचं किंवा बॉलपेन टेबलावरही नको. त्याचा एक डाग अडीचशे वर्षांच्या कागदावर पडला तर तो काढता येत नाही.

कागद हातात घेताना

पेशवाईतली बरीच पत्रं हातकागदावर आहेत: जुन्नरी, दौलताबादी, अहमदाबादी. कागद खळ लावून, गोट्याने घोटून गुळगुळीत केलेला असे. शाई काजळ आणि डिंकाची. ही शाई उजेडाने फिकी पडत नाही, म्हणून आजही ती काळीभोर दिसते. पण डिंक पाण्यात विरघळतो, त्यामुळे ओलसर बोट लागलं तरी अक्षर पुसतं. पानं उलटायला बोटाला थुंकी लावायची सवय असेल तर ती दफ्तराच्या दाराबाहेर ठेवा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. हँडक्रीम आणि सॅनिटायझर नको, दोन्हींचा अंश कागदावर उतरतो. कागदाला पांढरे सुती हातमोजेही नकोत. मोज्यातून कडेची फाट जाणवत नाही आणि धागा अडकून तुकडा निघतो. स्वच्छ कोरडं बोट जास्त सुरक्षित.

गोव्यातली पोर्तुगीज किंवा मुंबईची इंग्रजी पत्रं पाहत असाल तर शाईचा स्वभाव उलटा असतो. ती मायफळ आणि हिराकसाची शाई. ती काळाच्या ओघात तपकिरी होते आणि आम्लामुळे कागद खाते. दाट ओळी जाळी पडल्यासारख्या आरपार गेलेल्या दिसतात. असा कागद खाली आधार दिल्याशिवाय उचलायचाच नाही.

मोडी पत्र बहुधा लांबट, अरुंद पट्टीचं असतं. मजकूर वाढला की खाली दुसरी पट्टी चिकटवत, म्हणून मोठ्या पत्राला सांधे असतात. घडी उलगडताना एका वेळी एकच घडी उघडा, दोन्ही हातांनी, आणि उघडलेल्या भागावर वाळूच्या छोट्या कापडी पिशव्या ठेवा. घडीच्या रेघेवर पट्टी फिरवून ती सपाट करायला जाऊ नका. कागद सर्वांत आधी तिथेच तुटतो. ओळींमधून बारीक कण चकाकताना दिसले तर ती शाई सुकवायला टाकलेली वाळू असते. ती चोळू किंवा झटकू नका, सोबत अक्षरही निघतं.

सांधा सुटलेला दिसला तर स्वतः चिकटवायचा नाही. पुडक्यातले कागद उलटसुलट क्रमाने लागलेले वाटले तरी क्रम बदलायचा नाही. कुठलं पत्र कुठल्या यादीशेजारी सापडलं, यावरूनच पुढे कुणाला तरी त्याचा संदर्भ लागणार असतो. वहीत टिपा आणि तिथल्या सेवकांना सांगा.

फोटो

परवानगी असेल तर फ्लॅश बंद करून, दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांतून उजेड देऊन आणि कॅमेरा कागदाला समांतर धरून फोटो घ्या. शेजारी सेंटीमीटरची पट्टी असू द्या. मोडीच्या बारीक वेलांट्या नीट दिसायच्या तर मूळ आकाराला इंचामागे ४०० बिंदू हवेत. १२ मेगापिक्सेलच्या फोनचा फोटो ४००० बिंदू लांब असतो, म्हणजे एका फोटोत १० इंच, सुमारे २५ सेंमी लांबी मावते. ६० सेंमीचं पत्र असेल तर तीन फोटो लागतात, प्रत्येकात आधीच्या चार-पाच सेंमीचा भाग पुन्हा यायला हवा. संपूर्ण पत्राचा एक फोटो वेगळा घ्या, नाहीतर घरी गेल्यावर तुकड्यांचा क्रम लागत नाही.

पाठ कोरी दिसली तरी तिचा फोटो घ्याच. सर्वांत जास्त पस्तावा याच गोष्टीचा होतो, कारण पत्र पोचल्याचा शेरा पाठीवर असतो.

फाइलला तिथल्या तिथे नाव द्या: दफ्तर, रुमाल, पुडकं, कागद, पोट की पाठ, कितवा भाग. ‘आयएमजी ४४७१’ नावाच्या दोनशे फाइली महिन्याभराने निरुपयोगी होतात.

मायन्यावरून अक्षरपट

आता वाचन. मोडीत ओळीची रेघ आधी आखतात आणि अक्षरं तिला टांगत जातात. बोरूची शाई संपेपर्यंत हात उचलत नाहीत. त्यामुळे शब्द सुटे नसतात, विरामचिन्हं नसतात, आणि इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो.

दोघा बरोबरीच्या माणसांमधल्या पत्राची सुरुवात नमुन्यादाखल अशी दिसेल:

विनंतिउपरियेथीलकुशलता॥छ१२रजबजाणोनस्वकीयेकुशललेखनकरीतजावेविशेष

सुटं केलं की: ‘विनंती उपरी येथील कुशल तागाईत छ १२ रजब जाणोन स्वकीये कुशल लेखन करीत जावे. विशेष’. इथे ‘तागाईत’ म्हणजे ‘पर्यंत’ आणि ‘छ १२ रजब’ ही मुसलमानी महिन्यातली तारीख. हा साचा शेकडो पत्रांत जवळजवळ शब्दशः येतो. म्हणून ‘हे अक्षर कोणतं?’ असं विचारण्याऐवजी ‘या लेखकाचा थ कसा असतो?’ असं विचारता येतं, कारण इथे ‘येथील’ आहे हे माहीत असतं.

वहीत चौकटी आखा आणि एकेक अक्षर त्याच्या वळणासकट उतरवून घ्या; हाच त्या लेखकाचा अक्षरपट. मायन्यातलं ‘राजश्री’ आणि वरची ओळ मिळून, तारीख सोडून, र, ज, श, व, न, त, प, य, थ, ल, क, ण, स, ख, ष अशी पंधरा व्यंजनं हाती येतात. मग शेवटाकडे जा. ‘बहुत काय लिहिणे लोभ असो दीजे हे विनंती’ यातून ब, ह, भ, द आणि स्वर अ मिळतात. म्हणजे मधली एकही ओळ न वाचता एकोणीस व्यंजनं झाली. मात्रा लागली की मोडीत पुष्कळदा अक्षराचं रूपच पालटतं, म्हणून ‘क’ एवढंच टिपून भागत नाही. ‘का’, ‘की’, ‘कु’ वेगवेगळे टिपा. ‘र’साठी दोन-तीन चौकटी राखून ठेवा, शेजारच्या अक्षराप्रमाणे त्याची रूपं फार बदलतात.

एक खबरदारी मात्र घ्या. पत्र कारकुनाने लिहायचं आणि शेवटचे चार शब्द धन्याने स्वहस्ते लिहायचे, असं कित्येक पत्रांत असतं. शेवटच्या ओळीत बोरूची जाडी, अक्षराचा तिरकेपणा किंवा शाईचा काळेपणा बदललेला दिसला तर ते दुसरं हस्ताक्षर आहे. तिथली अक्षरं अक्षरपटात मिसळू नका, वेगळ्या पानावर लिहा. पत्र नेमकं कुणाचं, हे ठरवायला पुढे तेच पान कामी येतं.

मायना वळणाबरोबर नातंही सांगतो. ‘स्वामीचे सेवेसी’ आणि शेवटी ‘हे विज्ञापना’ असेल तर पत्र खालून वर गेलेलं आहे. ‘आज्ञा ऐसीजे’ किंवा शेवटी ‘जाणिजे’ असेल तर वरून खाली. ‘हे विनंती’ बहुधा बरोबरीचं. ‘आशीर्वाद’, ‘नमस्कार’, ‘दंडवत’, ‘रामराम’ यांतून लिहिणारा आणि घेणारा यांची जात, वय, मान यांचा अंदाज येतो. नाव फाटलेलं असलं तरी एवढ्यावरून शोध निम्म्यावर येतो.

मधला मजकूर

पहिल्या फेरीत येईल तेवढंच वाचा. अडलं तिथे अक्षरसंख्येइतके ठिपके देऊन पुढे चला. एका अक्षरावर दहा मिनिटं घालवू नका, दोन ओळी खाली तेच अक्षर ओळखीच्या शब्दात भेटतं. ओळ मोठ्याने वाचा. शब्द कुठे तुटतो ते डोळ्यापेक्षा कानाला लवकर कळतं.

शब्द तोडण्यात चूक झाली की अर्थ उलटतो. ‘पत्रपावलेनाहीतरकळवावे’ ही ओळ घ्या. ‘पत्र पावले नाही तर कळवावे’ असंही वाचता येतं आणि ‘पत्र पावले. नाहीतर कळवावे’ असंही. निर्णय मागच्या-पुढच्या वाक्यावरूनच करायचा. ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच: दिन की दीन, सुत की सूत, हे अक्षर सांगणार नाही. अनुस्वारावरही फार विसंबू नका, तो असायला हवा तिथे पुष्कळदा नसतो.

अक्षर लागलं आणि शब्द कळला नाही, असंही खूपदा होतं. तिथे अडचण लिपीची नसून फारसीची असते. दरोबस्त म्हणजे संपूर्ण, दुमाला म्हणजे हवाली केलेला, तगीर म्हणजे कामावरून दूर केलेला, मजकूर म्हणजे वर सांगितलेला. फारसी-मराठी कोश टेबलावर हवाच. तो नसला की माणूस ओळखीचा मराठी शब्द बसवायला बघतो आणि बरोबर वाचलेली अक्षरं स्वतःच बिघडवून टाकतो.

माणसांची, गावांची नावं आणि आकडे सर्वांत शेवटी. नावाला मागचा-पुढचा संदर्भ मदत करत नाही, तिथे फक्त अक्षरपटच कामाला येतो. म्हणून तो भरेपर्यंत थांबा.

दोन दंडांचा घोळ

मोडीत शब्द आखडून लिहितात आणि पुढे उभा दंड किंवा दोन दंड देतात. रा॥ म्हणजे राजश्री, मु॥ मुक्काम, मौ॥ मौजे, क॥ कसबे, प॥ परगणे, त॥ तर्फ, कि॥ किल्ले, बि॥ बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, सु॥ सुहूर हा सन, पै॥ पैवस्ती म्हणजे पत्र पोचल्याची तारीख. ता॥ कधी तागाईत म्हणजे ‘अमुक तारखेपर्यंत’, तर कधी तालुका. एकाच खुणेचे दोन अर्थ निघाले तर शेजारी तारीख आहे की गाव, ते पाहा.

हेच दंड आकड्यापुढे आले की अर्थ साफ बदलतो. एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १२॥ म्हणजे साडेबारा, ७। म्हणजे सव्वासात. हिशेबाच्या पत्रात हा दंड वाक्याचा शेवट समजून सोडून दिला की बेरीज कधीच जुळत नाही. उलटही होतं: दंडाला १ समजलं की साडेबाराचे थेट १२११ होतात. म्हणून ज्या पत्रात बेरीज दिलेली आहे तिथे ती स्वतः करून बघा. ती जुळली तर आकड्यांचं वाचन बरोबर आहे याची त्यासारखी दुसरी खात्री नाही.

तारीख लावणं

इथे घाई करू नका. चुकीच्या सालात बसवलेलं पत्र न वाचलेल्या पत्रापेक्षा जास्त नुकसान करतं.

पेशवाईतल्या पत्रांत सुहूर सन अरबी संख्याशब्दांनी लिहिलेला असतो, आणि एकक आधी येतो. एकक असे: इहिदे १, इसन्ने २, सलास ३, आर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९. दहक असे: अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, आर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया म्हणजे १००, मयातैन २००, अलफ १०००. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ + ६० + १०० + १००० = ११६१.

सुहूर वर्ष सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा बदलतं, म्हणून त्याला मृगसाल म्हणतात. हा दिवस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यातला. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्राला सुहूर सनात ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या पत्राला ६००. म्हणजे ११६१ हे साल जून १७६० ते जून १७६१ असं पसरलेलं आहे आणि पानिपतची १४ जानेवारी १७६१ ही तारीख त्यात येते. दक्षिणी फसली सन (महसुली साल) सुहूरपेक्षा ९ ने पुढे असतो, तिथे ५९० किंवा ५९१ मिळवायचे.

‘छ’च्या पुढचा आकडा हा मुसलमानी महिन्याचा चंद्र असतो. महिने पत्रांत असे येतात: मोहरम, सफर, रबिलावल, रबिलाखर, जमादिलावल, जमादिलाखर, रजब, साबान, रमजान, सवाल, जिल्काद, जिल्हेज. चंद्र दिसल्यापासून मोजणी सुरू होते, म्हणून शुद्ध पक्षात छ चा आकडा तिथीपेक्षा एक-दोनने मागे असतो. पानिपतच्या दिवशी पौष शुद्ध ८ होती, तिथे छ ६ किंवा ७ जमादिलाखर यायला हवं. वद्य तिथीत आधी १५ मिळवा: वद्य ८ म्हणजे २३, तर छ २१ किंवा २२. पत्रात तिथी आणि छ दोन्ही असतील आणि फरक पाच-सहाचा निघत असेल, तर एक आकडा चुकीचा वाचला गेला आहे.

आणखी एक सापळा. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं आणि मृगसाल ३६५ दिवसांचं, त्यामुळे एका सुहूर सालात सुमारे अकरा चांद्र तारखा दोनदा येतात, एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी. मे-जूनच्या आसपासचं पत्र असेल तर दोन्ही शक्यता मांडून पाठीवरची पैवस्ती आणि मजकूर यांवरून निवड करा. मजकुरात पेरणी आहे की मोहिमेहून परतणं, एवढ्यावरूनही कधी कधी निकाल लागतो.

शके दिला असेल तर चैत्रापासून ७८ मिळवा आणि पौषाच्या मध्यापासून फाल्गुनाअखेर, म्हणजे १ जानेवारी ओलांडल्यावर, ७९. संवत्सराचं नाव असेल तर पडताळा सोपा आहे: शकात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. शके १६८२ अधिक १२ म्हणजे १६९४, बाकी १४, चौदावा संवत्सर विक्रम. शिवराज्याभिषेकाच्या शके १५९६ ला हेच केलं तर बाकी ४८, म्हणजे आनंद. राज्याभिषेक शक मोजताना तेच वर्ष पहिलं धरायचं. वारांची नावं संस्कृत असतात: इंदुवार सोमवार, भौमवार मंगळवार, सौम्यवार बुधवार, भृगुवार शुक्रवार, मंदवार शनिवार. वार जुळला की तारखेवर शिक्कामोर्तब झालं म्हणायला हरकत नाही. जंत्री, म्हणजे जुन्या-नव्या तारखांचा मेळ दाखवणारं कोष्टक, हाताशी हवी: शिवकाळासाठी खरे जंत्री, पेशवाईसाठी मोडक जंत्री.

इंग्रजी आणि पोर्तुगीज पत्रांशी ताळा घालताना एक लक्षात ठेवा. इंग्रजांनी नवी (ग्रेगोरियन, आज चालते ती) दिनगणना सप्टेंबर १७५२ मध्ये स्वीकारली, पोर्तुगीज सोळाव्या शतकापासूनच ती वापरत होते. सतराव्या शतकात फरक १० दिवसांचा, १७०० नंतर ११ दिवसांचा. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या गणनेची आहे. नव्या गणनेने ती १६ जून होते. एकाच घटनेची मुंबईची आणि गोव्याची तारीख दहा-अकरा दिवसांनी वेगळी दिसली तर कुणी खोटं लिहिलंय असं समजू नका.

पाठ, शिक्का, अस्सल की नक्कल

पाठीवरची पै॥ म्हणजे पैवस्ती, पत्र पोचल्याची तारीख. ती मायन्यातल्या तारखेच्या जागी घेण्याची चूक फार होते. दोन्ही तारखा मिळाल्या तर पत्राला किती दिवस लागले ते कळतं, आणि मोहिमेवरच्या पत्रात ही माहिती मजकुराइतकीच मोलाची असते.

शिक्क्यासाठी विजेरी कागदाच्या अगदी बाजूने, जवळजवळ आडवी धरा. पुसटलेल्या अक्षरांचा उठाव दिसतो. पेशव्यांच्या शिक्क्यात छत्रपतींचं नाव असतं: ‘श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान’ असं असेल तर कागद शाहू महाराजांच्या कारकिर्दीतला मानायला आधार मिळतो, महाराज १५ डिसेंबर १७४९ ला वारले. शाहूंच्या जागी ‘राजाराम’ असेल तर कागद त्यानंतरचा. पत्राच्या शेवटचा छोटा शिक्का म्हणजे मोर्तब. त्यापुढे कुणी मजकूर वाढवू नये म्हणून तो मारत. शिवाजी महाराजांचा ‘मर्यादेयं विराजते’, पेशव्यांकडचा ‘लेखनसीमा’. मोर्तबाखाली आणखी ओळ दिसली तर ती संशयाने वाचा.

अस्सल पत्र घेणाऱ्याच्या घरी सापडतं, लिहिणाऱ्याच्या दफ्तरात मसुदा किंवा नक्कल राहते. खाडाखोड आहे, ओळींच्या वर शब्द घुसवले आहेत, शिक्का नाही, तर तो मसुदा असण्याची शक्यता मोठी. मसुद्यातली खोडलेली ओळही उतरवून घ्या. काय लिहायचं टाळलं, हे फक्त तिथेच कळतं.

लिप्यंतर

देवनागरीत उतरवताना ओळीला ओळ ठेवा आणि क्रमांक द्या, म्हणजे दुसऱ्याला मूळ कागदाशी ताडता येईल. ऱ्हस्व-दीर्घ किंवा व्याकरण सुधारू नका. शब्द सुटे करा, पण विरामचिन्हं घालायची असतील तर ती वेगळ्या प्रतीत. आखडलेला शब्द सोडवला की सोडवलेला भाग गोल कंसात, अंदाजाने भरलेलं चौकटी कंसात, फाटलेल्या जागी ठिपके आणि शेजारी किती सेंमी गेलंय ते. ‘वाचता आलं नाही’ आणि ‘कागद फाटला आहे’ या दोन गोष्टी वेगळ्या खुणांनी दाखवा. पुढच्या वाचकाला पहिल्या जागी आशा असते, दुसऱ्या जागी नसते.

मग प्रत दोन दिवस बाजूला ठेवा आणि फोटोवरून पुन्हा वाचा. शक्य असेल तर दुसऱ्या जाणकाराला तुमचं वाचन न दाखवता तेच पत्र वाचायला द्या. आधी दाखवलं तर त्यालाही तुमचीच चूक दिसते. दोघांचं जिथे जुळत नाही तेवढ्याच जागा घेऊन मूळ कागदाकडे परत जा.

घरी पत्रं असतील तर

कित्येक घरांत माळ्यावर, देवघराच्या फडताळात अजून मोडीचे कागद आहेत. त्यांना सेलोटेप लावू नका. तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो आणि शाईही ओढतो. लॅमिनेशन तर नकोच, ते पुन्हा सोडवता येत नाही. उन्हात वाळत घालू नका. रबरबँड, टाचण्या, स्टेपल काढा. गंजलेली टाचणी ओढू नका, वर-खाली हळूच सैल करून काढा.

प्रत्येक पत्र आम्लरहित कागदाच्या घडीत ठेवा; तो मिळेपर्यंत धुऊन खळ काढलेलं पांढरं सुती कापड चालेल. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत पावसाळ्याची ओल कोंडून राहते. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान असावी, ६५ च्या वर गेली की बुरशी धरते. कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर आर्द्रतामापक लावून बघाच. पेटी जमिनीपासून वर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवा, वाळवी बहुधा जमिनीतून किंवा भिंतीतून येते. कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर कडकडीत वाळवून, पुरचुंडीत बांधून, कागदाला न लागेल असा. ओला पाला डाग पाडतो. डांबराच्या गोळ्या टाळा. दर तीन महिन्यांनी पेटी उघडून कसर लागली आहे का पाहा. कडेला कुरतडलेल्या वळणाच्या खाचा आणि बारीक भुकटी दिसली की तेवढं पुडकं वेगळं काढा.

क्रमांक घालायचा तर मऊ शिसपेन्सिलीने, पाठीच्या कोपऱ्यात, अगदी हलक्या हाताने. आणि क्रमांक घालण्याआधी पत्रं ज्या क्रमाने बांधलेली होती त्या क्रमाचा एक फोटो काढून ठेवा.